सुकी वाट

समीक्षाचा साखरपुडा झाला ते साल दोन हजार बावीस. मुलाकडची माणसं कोलाडहून आली होती, रोह्याच्या हॉलमध्ये पंगत बसली होती, आणि मुलीचा बाप जागेवर नव्हता.

नम्रताने एकदा सगळ्या हॉलवरून नजर फिरवली आणि आपला नवरा कुठे असेल ते तिला कळलं. वाढप्यांच्या मागून ती मागच्या दाराकडे गेली. सुजय तिथेच होता. नव्या कुडत्याच्या बाह्या वर सरकवून हॉलच्या राखणदाराशी वाद घालत उभा होता. मागच्या दाराला कुलूप होतं आणि दारासमोर खुर्च्यांची चळत रचलेली होती. सुजयचं म्हणणं एवढंच, की आत एवढी माणसं जेवतायत, कुठे आग लागली तर ती बाहेर कुठून पडणार. राखणदाराचं म्हणणं, की इतकी लग्नं झाली इथे, अजून तरी लागली नाही.

"आज मुलीचा साखरपुडा आहे," नम्रता म्हणाली. "हॉलची तपासणी नाही."

"कुलूप निघालं की येतो."

कुलूप निघालं, खुर्च्या हलल्या, तेव्हाच तो पंगतीला बसला. बसला तरी मांडीखालचा पाय हलत होता. शेजारी व्याही होते, मोकळ्या स्वभावाचे. त्यांनी कौतुकानेच विचारलं, की साहेब, तुम्ही आर्किटेक्ट, शिवाय गावंच्या गावं आखलेली, तर तुमचं स्वतःचं घर केवढं देखणं असेल. एकदा बघायला यायचंय.

सुजय हसला. "अजून काढतोच आहे," म्हणाला.

नम्रताने जिलबीचं ताट पुढे केलं.

खरं तेच होतं. कुंडलिकेच्या काठी, दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या जागेत त्यांचा संसार झाला होता. नम्रता रोह्याच्या शाळेत शिक्षिका, म्हणून बिऱ्हाड रोह्यात. सुजय नगररचना खात्यात, म्हणून तो जगभर. दर बदलीत तो घराचा एक नकाशा काढी आणि पुढच्या बदलीत तो मोडी. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी हाताची खोड गेली नव्हती. चहा पिताना तो टेबलावर बोटाने भिंती ओढायचा. पायाला भिंगरी, तशी त्याच्या बोटालाही होती म्हणा.

सुजय मूळचा कोपरखारचा. पेणपासून पश्चिमेला, खाडीच्या पोटात बसलेलं हे गाव. भोवताली मातीचा बांध, बांधाच्या आत भात, बाहेर खारं पाणी. बाप नाथा मोकल पावसाळाभर भात करी आणि उरलेलं वर्ष मिठागरावर राबे. आई हौसाही त्याच्याबरोबर मिठाच्या पाट्या वाही. तळव्यांना मिठाच्या भेगा पडलेली माणसं ती.

सुजय चौथीत असताना श्रावणात त्याची आजी गेली. कोपरखारला स्मशान म्हणून जागा नव्हती. उन्हाळ्यात कुणी मेलं तर सुकल्या शेताचा कुठलाही कोपरा चालायचा. पावसात मात्र बांधाशिवाय उंच जागा नाही, आणि बांधापर्यंत सगळा गुडघाभर चिखल. चार माणसं तिरडी घेऊन निघाली. पुढच्याचा पाय रुतला, तिरडी कलली, आणि आजीचा हात कापडातून सुटून चिखलाला लागला. तिरडी सावरली आणि पुढे गेली. बांधावर ओली लाकडं पेटता पेटेनात. नाथा रॉकेलचा डबा हातात धरून दुपारभर पावसात उभा होता.

माणसं परत आली तेव्हा मांड्यांपर्यंत चिखलाने माखलेली होती. हौसाने दारात पाण्याचे हंडे भरून ठेवले होते. ती एकेकाच्या पायावर तांब्याने पाणी ओतत होती आणि चिखल सुटत नव्हता. सुजय खांबाला धरून ते पाहत होता.

पुढे शिकायला तो मुंबईला निघाला. गावातून त्या विद्येला जाणारा तो पहिलाच. एस.टी.च्या थांब्यावर हौसाने त्याच्या पिशवीत सुकटीची पुडी घातली आणि म्हणाली, "नकशे काढाला शिकनार ना तू? मंग माजं येक काम कर. मना चिखलातून नको नेव. सुक्या वाटेनं ने."

"आय, आधी शिकून तर येऊ दे."

"शिक ना. पन इसरू नको."

तो विसरला नाही. विसरायचं म्हटलं तरी जमलं नसतं.

शिक्षण संपल्यावर दादरच्या एका ऑफिसात त्याने पहिली नोकरी धरली. तिथे त्याच्या वाट्याला उंच इमारतींचे संडास-बाथरूम आले. वरपासून खालपर्यंत एकाखाली एक, तेच नळ आणि तेच पाइप. माणसं त्यात कधी राहायला आली, कोण आली, काही कळायचं नाही. जीव घुसमटला तशी त्याने नगररचनेची परीक्षा दिली आणि सरकारी नोकरीत शिरला. इथे निदान गाव होतं. वीस वर्षांनी या गावात माणसं कुठून चालतील, पोरं कुठे खेळतील, बाजार कुठे भरेल, ते आज कागदावर आखायचं. हे काम त्याला मनापासून आवडलं.

फक्त त्याची एक तऱ्हा होती. कोरा नकाशा पुढे आला की लोक आधी रस्ते धरतात, शाळा धरतात, पाण्याची टाकी धरतात. सुजय आधी स्मशान धरायचा. गावातली उंच जागा कुठली, पावसात तिथवर पाणी येतं का, धूर कुणाच्या घरात जाईल, हे आधी पाहायचा. मग तिथपासून उलटा गावाकडे रस्ता ओढायचा. पहिल्या साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, की मोकल, जिवंत माणसांचं काय. सुजय म्हणाला, "तीही त्याच रस्त्याने जातील साहेब, त्यांना घाई नसते एवढंच." खात्यात त्याचं नाव 'मसणे' पडलं. बदली होऊन नव्या ठिकाणी गेला की नाव त्याच्या आधी पोचलेलं असायचं.

रत्नागिरी झालं, बुलढाणा झालं, पुन्हा कोकण, पुन्हा वर घाट. आराखडे झाले, हरकती आल्या, सुनावण्या झाल्या. आराखड्याचं आयुष्य माणसाएवढंच बेभरवशाचं असतं. बागेसाठी ठेवलेल्या जागेत मंगल कार्यालय उभं राही. खेळाच्या मैदानातून कुणाची तरी भिंत पुढे सरके. कुठे कागद मंजूर होईपर्यंत गावच कागदाबाहेर गेलेलं असे. सुजय भांडायचा, टिपणं लिहायचा, आणि संध्याकाळ झाली की खोलीत न थांबता त्या परक्या गावातून चालत सुटायचा. चालता चालता अजून न झालेले आपले रस्ते त्याला दिसत.

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी त्याने आखलेला भाजीबाजार खरोखर बांधला गेला, असं त्याला बऱ्याच वर्षांनी कळलं. रजा टाकून तो एस.टी.ने तिथवर गेला. सकाळची वेळ होती. ओटे होते, ओट्यांवर सावली होती, बायका भाजी मांडून बसल्या होत्या. तो एका ओट्याची उंची हाताने पाहू लागला तशी भाजीवाली म्हणाली, की भाऊ, घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर वाट तरी अडवू नका. त्याने मेथीच्या जुड्या घेतल्या आणि त्याच एस.टी.ने परत फिरला. रोह्याला पोचेस्तोवर मेथी पार कोमेजली होती. नम्रताने विचारलं नाही, की मेथी आणायला एवढ्या लांब कशाला. निवडली आणि भाजी केली.

इकडे नाथाने आपल्या परीने पोरासाठी एक काम करून ठेवलं होतं. गावातल्या शेवटच्या घरापलीकडे, जिथे रस्ता संपून बांधाची पायवाट लागते, तिथे त्याचा एक तुकडा होता. मिठागरावरून घरी येताना तो रोज पाटीभर माती तिथे टाकायचा. पावसात निम्मी वाहून जायची, तो पुन्हा टाकायचा. असं करता करता तो तुकडा गावापेक्षा उंच झाला. कुणी विचारलं तर म्हणायचा, सुजाचं घर व्हनार हितं, उधान आलं तरी पानी चढनार नाय. नाथा उन्हाळ्यात गेला. त्याला सुकल्या शेतात नेला, त्याची वाट कोरडीच होती. घर मात्र त्याने पाहिलं नाही.

समीक्षाचं लग्न पार पडलं आणि सुजय मोकळा झाला. मोकळा झाला म्हणजे आता त्याला थांबवायला काही उरलं नाही. मोटारसायकल काढायची आणि नागोठण्यावरून पेण, पेणवरून कोपरखार. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. हौसाचं वय ऐंशीच्या पुढे गेलं होतं. ती चुलत पुतण्याच्या, हरेशच्या शेजारी आपल्या घरात एकटी राहायची आणि रोह्याला यायचं नाव काढायची नाही. तिला सुक्या वाटेने न्यायचं, तर वाट आता केली पाहिजे, हे सुजयला दिसत होतं.

देवळात बैठक बसली. हरेश तेव्हा ग्रामपंचायतीत होता. स्मशान पाहिजेच, यावर सगळे एकमताचे होते. ते कुठे, यावर मात्र कुणाचंच मत नव्हतं. सरकारी जागा गावात नाही. उंचवटा असलेला प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी दारातला. एकाने सुचवलं की दुसरा उठायचा. शेवटी हरेश म्हणाला, "दादा, सगल्या म्हाराष्ट्राला तू जागा वाटल्यास. हितं तुजा नकशा चालाचा नाय. सगल्यांना मसन पायजे, पन शेजारच्याच्या दारात."

लोक हसले. सुजयही हसला. देवळाच्या ओट्यावरून त्याला गावाचं शेवटचं घर दिसत होतं, आणि त्याच्यापलीकडे बापाने उचलून धरलेली ती माती. उंच जागा. रस्त्याचं टोक. वारा खाडीकडे जाणारा. आजवर दुसऱ्या कुठल्याही गावात असता, तर नकाशावर त्याने पहिलं बोट तिथेच ठेवलं असतं. आपल्या गावात इतकी वर्षं त्याने ते ठेवलं नव्हतं, कारण तिथे तो घर काढत होता.

बैठक उठली तसा तो निघाला. परतताना वडखळला थांबला, चहा मागवला आणि न पिता उठला. नागोठण्याला पुन्हा थांबला.

नम्रता स्वयंपाकघरात वाल सोलत बसली होती. ती खांब गावची, वालाच्या शेतात वाढलेली. मोड आलेले वाल तिच्या बोटांतून आपोआप सुटायचे, साल एकीकडे आणि बिरडं एकीकडे. सुजय दारातच उभा राहिला.

"बाबांची जागा स्मशानाला देतोय," तो म्हणाला.

तिची बोटं थांबली. "विचारताय की सांगताय?"

"सांगतोय."

"मग सोला."

तिने ताट त्याच्याकडे सरकवलं. तो खाली बसला. त्याला नीट सोलता येत नव्हतं, डाळिंब्या मोडत होत्या.

मग नम्रता म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी या घराच्या भिंती कागदावर बघतेय. स्वयंपाकघराची खिडकी कधी पूर्वेला, कधी दक्षिणेला. मी एकदा तरी म्हटलं का, की आता पुरे, हीच राहू दे?"

"नाही म्हणालीस."

"म्हणायला हवं होतं." तिने मोडलेले वाल वेगळे काढले. "पूर्वेची बरी होती."

त्यानंतर ती कोपरखारला जायचीच थांबली. सासूसाठी बिरडं, पापड, औषधं सगळं नवऱ्याबरोबर पाठवी. स्वतः गेली नाही.

काम सुरू झालं. शेवटच्या घरापासून त्या जागेपर्यंत पंचायतीने काँक्रीटचा रस्ता केला, बाकीचं सुजयने. त्याचं आयुष्यातलं हे पहिलंच बांधकाम, ज्यात वरून कुणी रेघ बदलणार नव्हतं. चार खांब, वर उंच छप्पर, धूर सरळ खाडीकडे निघावा म्हणून दोन बाजू उघड्या. लाकडं सुकी राहतील अशी खोली. नळ. आणि बाजूला बसायला एक आडोशाची पडवी, भिंतीला धरून बाक. ही कुणासाठी, म्हणून गवंड्याने विचारलं. सुजय म्हणाला, बायकांसाठी. गवंडी म्हणाला, आमच्याकडं बायका येत नायत. सुजय म्हणाला, बसायला जागा नसते म्हणून येत नसतील.

गावात बोलणं व्हायचंच. घर बांधाचं सोडून मसन बांधतो, याला शिकल्यालं म्हंतात, असं लोक त्याच्यादेखत म्हणत. तो ऐकून न ऐकल्यासारखं करी. कॉलम ओतताना तो दिवसभर उभा असे, माणसं जेवायला बसली तरी.

पुरं झाल्यावर हौसाला रिक्षात घालून आणली. ती काठी टेकत नव्या रस्त्यावरून चालत गेली, छपराखाली उभी राहिली, वर पाहिलं, खाली पाहिलं. मग पडवीतल्या बाकावर बसली.

"वारा चांगला येतो," ती म्हणाली. "माजा बंगला झाला म्हनाचा."

सुजयला वाटलं, झालं. आता थोडं बसावं. पण बसणं त्याच्या कुंडलीत नव्हतं.

त्या पावसाळ्यात शेजारच्या अमोलचा आजा गेला. खबर कळताच सुजय रोह्याहून निघाला आणि थेट छपराखाली जाऊन उभा राहिला. लाकडं आत सुकी ठेवलेली. नळाला पाणी. गावाकडून तिरडी आली, काँक्रीटवरून आली, छपरासमोर आली, आणि तशीच पुढे गेली. रस्ता संपला, माणसं चिखलात उतरली आणि पाय ओढत बांधाकडे निघाली. जाताना कुणी सुजयकडे पाहिलं नाही. त्याच्याच घराशेजारी वाढलेली माणसं ती. तो नळाजवळ उभा राहून लांब जाणाऱ्या पाठी पाहत राहिला. चौथीत होता तेव्हा दिसल्या होत्या तशाच त्या दिसत होत्या.

हरेशने मग त्याला समजावलं. नवं मसण एकावर थांबत नाही, तीन मागतं, असं गावात जुनं बोलणं. पयल्यांदा ज्याच्या घरचं जाईल, त्याच्या घरावर ते डोळा ठेवणार. म्हणून कुणाला पहिलं व्हायचं नाही. सुजय चिडला. आपण इतकी वर्षं काय आखत होतो, म्हणाला. हरेश शांत होता.

"येक हाय दादा. गावातलं सगल्यात जुनं मानूस पयलं गेलं, तर दोष लागत नाय. पिकलं पान. त्याच्यामागं मंग सगली जातील."

कोपरखारमधलं सगळ्यात जुनं माणूस कोण, हे सांगायची गरज नव्हती.

गावाने हे एकदम सहज घेतलं. दारावरून जाताना बायका थट्टा करत, "हौसाबाय, कवा उद्घाटन गो?" हौसा सुपातली नजर वर न करता म्हणायची, "थांबा जरा, या साली भात कसा होतो बघते, मंग सांगते." तिला ताप आला म्हणून कुणी विचारपूस करायला आलं, तर तीच म्हणायची, की नाय गो, अजून नाय, जा घरी. ती हसत होती, गाव हसत होतं. सुजयला मात्र हसू यायचं नाही. तो आला की गाडी आधी रस्त्याच्या टोकाशी नेई. छपराखालचा पाला झाडून काढी, लाकडांची खोली उघडून ओल आली का पाही, नळ सोडून पाही. मग आईकडे येई.

एक दिवस हौसाने त्याच्यासमोर चहा ठेवला आणि समोर बसली.

"सुजा, तू आला की आधी तिकडं जातंस. मंग माज्याकडं."

तो कप उचलणार होता, तो तसाच राहिला.

"घाई हाय का तुना?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. पोराला भूक लागली का विचारावं, तसं विचारलं होतं.

सुजय उठला, अंगणात गेला, परत आला. आपण कशाची वाट पाहत होतो ते त्याला त्या चहासमोर दिसलं. शब्द पाळायचा म्हणून आयुष्यभर धावलो, आणि तो शब्द पुरा व्हायचा तर ही समोरची बाई जायला हवी. तो पुन्हा खाली बसला आणि तिचे पाय दाबायला लागला. हौसाने दाबू दिले. थोड्या वेळाने म्हणाली, "हळू. लोखंड न्हवं त्ये."

त्या दिवसापासून तो आला की आधी आईकडे यायचा. कित्येकदा टोकाकडे जायचाच नाही. तिथे पाला साचला, कुणी पेंढा आणून ठेवला, पोरं सावलीला पत्ते खेळू लागली. सुजय म्हणायचा, खेळू दे. घरी रोह्यात मात्र त्याची बोटं पुन्हा टेबलावर चालू झाली होती. जागा आता नव्हती, तरी. नम्रता पाहायची आणि कप उचलून न्यायची.

दोन हजार चोवीसचा पावसाळा लांबला. श्रावण संपता संपता पाऊस थांबेना, आणि अमावास्येचं उधाण चढत होतं. पिठोरीच्या आदल्या दिवशीच सुजय कोपरखारला आला होता. नाथा गेल्यापासून पिठोरीला तो कधी घरी नव्हता. पिठोरीच्या दिवशी हौसाने सकाळीच खीर-पुऱ्या केल्या. मुलाकडे पाठ करून बसली, ताट डोक्यावरून मागे धरलं आणि विचारलं, "अतीत कोन?"

"मी," सुजय म्हणाला, आणि ताट घेतलं. साठी उलटलेला मुलगा, पण ओठ लहानपणीसारखेच हलले.

पुरीचा पहिला घास घेतला आणि बाहेर हाळी झाली. बांधाला खांड पडली होती. दुपारची भरती यायच्या आत ती बुजवायला हवी, नाहीतर खारं पाणी भातात शिरणार.

बांध सगळ्या गावाचा. तो फुटला की प्रत्येक घरातून एक माणूस गेलाच पाहिजे, हा तिथला नेम. त्याला जोळ म्हणतात. आजारी असो, परगावी असो, घराचा एक माणूस रांगेत दिसला पाहिजे. इतकी वर्षं सुजयच्या घरातून कधी नाथा गेला, कधी हौसा गेली, नंतर मजूर लावला किंवा हरेशने आपल्या पोराला उभं केलं. घरचा माणूस बदलीच्या गावी असायचा, दुसऱ्यांचे रस्ते आखत.

सुजयने पँट गुडघ्यावर दुमडली.

"तू कशाला? हरेशचा पोऱ्या जातो ना," हौसा म्हणाली.

"घरात आहे तर मीच जाणार."

"खीर तरी खा."

"आल्यावर."

तो गेला. माणसांची रांग लागली होती. चिखलाच्या पाट्या हातोहात पुढे सरकत होत्या. त्याला कुणी पुढे जाऊ दिलं नाही, पण रांगेतून कुणी बाहेरही काढलं नाही. दोन हातांच्या मध्ये तो एक हात झाला. शेजारचा हरेश नंतर सांगायचा, की दादा त्या दिवशी गप्प होता, पण खूश होता. कुठे जायची घाई नव्हती त्याला. खांड बुजत आली, पाणी अडलं, आणि सुजयने पाटी पुढे दिली ती हात तसाच हवेत राहिला. तो बांधावर खाली बसला. छातीवर हात धरला. माणसांनी उचलून रस्त्यापर्यंत आणला, गाडीत घातला. पेण यायच्या आत सगळं संपलं होतं. तिकडे भरतीचं पाणी बांधाला लागून परत फिरलं होतं.

चारच्या सुमाराला त्याला घरी आणला. नम्रता आणि समीक्षा रोह्याहून पोचल्या. पाऊस बारीक चालू होता. अंगणात माणसं उभी होती आणि कुणी विचारत नव्हतं ते सगळ्यांच्या डोळ्यांत होतं. न्यायचं कुठे. शेवटी हरेशच पुढे झाला. चुलतीसमोर बसला आणि खाली मान घालून म्हणाला, की काकी, बांधावर न्यावं म्हनतात लोक. पयला जातो तो बरा नाय.

हौसा सुजयच्या उशाशी होती. तिने त्याच्या बोटांना लागलेला चिखल पदराने पुसला.

"पयला नि दुसरा कसला रं," ती म्हणाली. "ती जागा माज्या नवऱ्यानं त्याच्या घरासाठी केली. मानूस आपल्या घरात जातो, त्याला कसला दोष? घरात न्या त्याला."

हरेशने खांदा दिला.

नम्रता उठली आणि तिरडीमागे चालू लागली. समीक्षाने तिचा हात धरला. कुणी अडवलं नाही. शेवटच्या घरापुढे नवा रस्ता होता, त्याच्या टोकाला ते छप्पर, जे नम्रताने अजून पाहिलं नव्हतं. पेंढा कुणीतरी घाईने बाजूला केला. लाकडं सुकी होती, लगेच पेटली. पुरुषांनी त्या दोघींना पडवीत नेऊन बाकावर बसवलं. बाकासमोरच्या भिंतीत एक खिडकी होती. तिच्यातून भाताची शेतं दिसत होती, त्यापलीकडे पेणचे डोंगर. पूर्वेची खिडकी. नम्रता बराच वेळ तिच्याकडे बघत बसली.

हौसाने इकडे दारात हंडे भरून ठेवले होते. शेजारणींनी तिला बस म्हटलं तरी ती बसली नाही. माणसं परत आली तशी ती तांब्या घेऊन पुढे झाली. एकेकाच्या पायाकडे तिने पाहिलं. पाय पावसाने ओले होते. चिखल कुणाच्या पायाला नव्हता. सगळ्यांच्या शेवटी सून आली, तिच्या पायांकडेही हौसाने पाहिलं. मग तांब्या हंड्यावर पालथा ठेवला आणि आत जाऊन भिंतीला टेकली. खिरीचं ताट तिथेच झाकलेलं होतं.

सुजय नाथा मोकल दोन हजार चोवीस साली, पिठोरी अमावास्येला, दुपारच्या भरतीच्या वेळी वारला.